गती आणि वैज्ञानिक पद्धत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववी-दहावीची मुलं, त्यांचे पालक आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे यांच्याकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात. ते साधारण सोप्यापासून अवघडाकडे लावले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे. सूत्रं पाठ्यपुस्तकात आहेतच. इथे भर आहे तो 'हे कळलं कसं?' यावर.

१. निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष या पायऱ्या आम्ही पाठ करतो. शास्त्रज्ञ खरंच याच क्रमाने काम करतात का?

क्वचितच. कधी निरीक्षण आधी असतं, तर कधी गणित आधी येतं आणि निरीक्षण मागून. १८४६ साली नेपच्यून सापडला तो आधी कागदावर. युरेनस हिशेबाप्रमाणे चालत नव्हता, म्हणून फ्रान्सच्या ल व्हेरिएने त्याला ओढणाऱ्या अज्ञात ग्रहाची जागा गणिताने काढली. २३ सप्टेंबरच्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाल्लेने दुर्बीण तिकडे वळवली, तर ग्रह सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत होता.

पायऱ्या पाठ करा, परीक्षेत विचारतात. पण क्रमापेक्षा मोठी अट वेगळीच आहे: माझं म्हणणं चुकीचं असेल तर ते कशावरून कळेल, हे आधीच सांगता आलं पाहिजे. ल व्हेरिएने आकाशातली नेमकी जागा सांगितली होती. तिथे काही नसतं तर तो तोंडघशी पडला असता. 'कुठेतरी एखादा ग्रह असावा' एवढंच तो म्हणाला असता, तर त्याला कुणीच खोटं ठरवू शकलं नसतं आणि गाल्लेला दुर्बीण कुठे वळवायची तेही कळलं नसतं.

२. सिद्धांत सिद्ध झाला की त्याचा नियम होतो ना?

नाही, अशी बढती नसते. काय घडतं ते नियम सांगतो, बहुधा सूत्रात. ते का घडतं याची जुळणी सिद्धांत करतो. ग्रह लंबवर्तुळात फिरतात हा केप्लरचा नियम, १६०९ सालचा. तसे का फिरतात याचं उत्तर न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाने १६८७ मध्ये दिलं. म्हणून सिद्धांत हा नियमापेक्षा कच्चा नसतो. उलट एका सिद्धांताच्या पोटात अनेक नियम बसतात. या दोघांच्या आधी येतं ते गृहीतक, म्हणजे अजून तपासायचा असलेला अंदाज. गप्पांमध्ये आपण अशा अंदाजालाच 'थिअरी' म्हणतो आणि तिथेच सगळा घोळ होतो.

३. चाल आणि वेग यांत फरक काय? रोजच्या बोलण्यात तर दोन्ही एकच.

चालीला दिशा नसते, वेगाला असते. पुण्याहून सिंहगडावर जाऊन घरी परत आलात, तर कापलेलं अंतर काही किलोमीटर भरेल, पण विस्थापन, म्हणजे निघालेल्या जागेपासून पोहोचलेल्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, शून्य. त्यामुळे त्या सहलीची सरासरी चाल काहीतरी येईल आणि सरासरी वेग शून्य येईल. गाडीचा स्पीडोमीटर चाल दाखवतो. दिशेचा हा मुद्दा आत्ता किरकोळ वाटतो, पण त्याच्याशिवाय प्रश्न ८ सुटत नाही.

४. जाताना ताशी ६० किमी, येताना ताशी ४० किमी. सरासरी ५० का येत नाही?

कारण ४० च्या चालीत तुम्ही जास्त वेळ घालवता. अंतर १२० किमी धरा. जायला २ तास, यायला ३ तास. २४० किमीला ५ तास, म्हणजे ताशी ४८ किमी. सरासरी चाल काढताना एकूण अंतराला एकूण वेळेने भागायचं. दोन चालींची बेरीज करून निम्मं करायचं नाही.

५. जड वस्तू आधी पडते हे डोळ्यांना दिसतं. मग पुस्तक उलट का सांगतं?

डोळ्यांना दिसतं ते खोटं नाही. नाणं आणि पीस एकदम सोडलं तर नाणंच आधी पडतं. पण हा फरक वजनामुळे पडला की हवेमुळे? दोन गोष्टी एकदम बदलल्या की कुठलीचा परिणाम दिसतोय ते कळत नाही. म्हणून एक तशीच ठेवायची आणि दुसरी बदलायची. वहीची दोन सारखी पानं घ्या, एकाचा घट्ट बोळा करा आणि दोन्ही एकाच उंचीवरून सोडा. वजन तेच, तरी बोळा आधी जमिनीवर. म्हणजे निदान इथे तरी फरक वजनाचा नाही.

सायमन स्टेव्हिनने हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी दुसऱ्या बाजूने तपासलं. शिशाचे दोन गोळे, एक दुसऱ्याच्या दहापट जड, ३० फुटांवरून फळीवर सोडले. दोन्हींचा आवाज एकदमच आला. हे त्याने १५८६ साली छापलं. हवाच नसलेल्या जागी हे सगळ्यांना दिसलं २ ऑगस्ट १९७१ ला: अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकत्र सोडलं आणि ते एकत्र पडलं.

हवा किती फरक करते ते पावसावरून बघा. २ किमी उंचीवरून सुटलेला थेंब, हवा नसती तर, ताशी ७०० किमीहून जास्त वेगाने डोक्यात बसला असता. प्रत्यक्षात मोठ्यातल्या मोठ्या थेंबाचा वेगही सेकंदाला ९ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ३२-३३ किमी असतो. वेग वाढला की हवेचा विरोध वाढतो. तो थेंबाच्या वजनाएवढा झाला की वेग वाढायचा थांबतो.

६. गॅलिलिओने पिसाच्या मनोऱ्यावरून गोळे टाकले हे खरं का? आणि त्या काळी घड्याळं नव्हती, तर वेळ मोजली कशी?

मनोऱ्याची गोष्ट आली ती त्याचा शिष्य व्हिव्हियानी याने लिहिलेल्या चरित्रातून. गॅलिलिओने स्वतः छापलेल्या पुस्तकांत पिसाच्या मनोऱ्यावरचा असा प्रयोग नाही, आणि बरेच इतिहासकार ती गोष्ट खरी धरत नाहीत. मला विचाराल तर मनोरा सोडून द्यावा. त्याने खरोखर जे केलं ते कितीतरी हुशारीचं आहे.

अडचण अशी की वस्तू फार झपाट्याने पडते. २० मीटर उंच माडावरून सुटलेला नारळ २ सेकंदांत खाली येतो आणि आपटताना त्याचा वेग ताशी ७० किमी असतो. सतराव्या शतकातल्या साधनांनी त्या २ सेकंदांचे तुकडे पाडणं अशक्य होतं. म्हणून गॅलिलिओने पडणंच संथ केलं. लांब फळीत सरळ पन्हळ कोरली, तिच्यात गुळगुळीत चर्मपत्र बसवलं, फळीला थोडा उतार दिला आणि कांस्याचा घोटीव गोळा सोडला. वेळेसाठी पाण्याचं मोठं भांडं आणि त्याच्या तळाला बारीक नळी. गोळा सुटल्यापासून पोहोचेपर्यंत जेवढं पाणी पडेल तेवढं पेल्यात धरायचं आणि बारीक तराजूत तोलायचं. पाण्याच्या वजनांचं जे गुणोत्तर तेच वेळांचं.

निष्पन्न झालं ते असं: पाव अंतराला निम्मा वेळ लागतो. म्हणजे अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. सारख्या कालखंडांत कापलेली अंतरं १, ३, ५, ७ अशी विषम संख्यांनी वाढत जातात. उतार वाढवला तरी हे प्रमाण बदलत नाही, म्हणून सरळ खाली पडतानाही ते टिकणार, असा त्याचा युक्तिवाद होता. हे सगळं १६३८ सालच्या त्याच्या पुस्तकात आहे. पुढे काही अभ्यासकांना शंका आली की इतक्या ओबडधोबड साधनांनी एवढी नेमकी उत्तरं येणंच शक्य नाही. १९६१ मध्ये थॉमस सेटल याने तशीच पन्हळ आणि तसंच पाण्याचं घड्याळ बनवून प्रयोग पुन्हा केला. उत्तरं आली.

७. वर फेकलेला चेंडू सर्वांत वरच्या बिंदूला क्षणभर थांबतो. तिथे त्वरण शून्य ना?

वेग शून्य, त्वरण नाही. तिथेही ते खालच्या दिशेने ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग असतं. त्वरण म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतोय ते. वेग किती आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. त्या क्षणी त्वरणही शून्य असतं तर वेग शून्यच राहिला असता आणि चेंडू वर लटकून राहिला असता. परीक्षेत सर्वांत जास्त चुकणारा प्रश्न कुठला म्हटलं तर मी याचं नाव घेईन.

८. वस्तू एकाच चालीने गोल फिरत असेल तर तिला त्वरण कुठून आलं?

चाल तीच असली तरी दिशा क्षणाक्षणाला बदलते, म्हणून वेग बदलतो (प्रश्न ३). तो बदल केंद्राच्या दिशेने असतो आणि तो घडवायला केंद्राकडे ओढणारं बल लागतं. जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणाऱ्याला हे बल दोरीच्या ताणातून हातात जाणवतं. एक टोक सोडलं की ताण संपतो आणि दगड त्या क्षणी ज्या दिशेने चालला होता त्या दिशेने, म्हणजे वर्तुळाच्या स्पर्शरेषेत सुटतो. तो केंद्रापासून सरळ बाहेर फेकला जात नाही. तसं असतं तर नेम धरायची पद्धत वेगळी असती.

९. ढकलणं थांबवलं की वस्तू थांबते हे रोज दिसतं. मग न्यूटनचा पहिला नियम खरा कसा?

ढकलणं थांबलं तरी घर्षण थांबलेलं नसतं. कॅरम बोर्डावर पावडर टाकण्याआधी आणि टाकल्यावर तेवढ्याच जोराने स्ट्रायकर मारून बघा. जोर तोच, अंतर वेगळं. म्हणजे थांबवणारं कारण बोर्डात आहे. पावडर आणखी चांगली, बोर्ड आणखी गुळगुळीत असं कल्पनेत वाढवत नेलं की पहिल्या नियमाशी पोहोचतो. गॅलिलिओनेही अशीच वाट धरली होती. १९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर १ आज सेकंदाला सुमारे १७ किमी वेगाने सूर्यापासून दूर चाललं आहे ते पुढे ढकलणारं इंजिन चालू आहे म्हणून नव्हे. उलट सूर्याच्या ओढीने त्याचा वेग अगदी किंचित घटतोच आहे.

१०. 'वजन ५ किलो' म्हणणं चूक आहे का?

बाजारात नाही, भौतिकशास्त्राच्या पेपरात आहे. किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक आहे, वजन न्यूटनमध्ये सांगतात. ५ किलो तांदळाचं पृथ्वीवरचं वजन ४९ न्यूटन, चंद्रावर साधारण ८ न्यूटन. गंमत म्हणजे किराणा दुकानातला जुना दोन पारड्यांचा तराजू चंद्रावरही ५ किलोच दाखवील, कारण तिथे मापंही तेवढीच हलकी होतात. स्प्रिंगचा काटा मात्र फसेल.

११. गाडीचा वेग दुप्पट झाला तर ब्रेक मारल्यावर थांबायला दुप्पट अंतर लागेल ना?

चौपट लागतं. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेकमुळे सेकंदाला ७ मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी होतो असं धरू. ताशी ४० किमी वेगाची गाडी ब्रेक लागल्यावर सुमारे ९ मीटरवर थांबेल, ताशी ८० ची सुमारे ३५ मीटरवर. शिवाय समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर त्यात अनुक्रमे ११ आणि २२ मीटर आणखी जातात. एकूण २० विरुद्ध ५७ मीटर. ओल्या रस्त्यावर दोन्ही आकडे वाढतात. पहिल्या पावसात तेल आणि धूळ मिसळलेल्या रस्त्यावर तर फारच.

१२. बैल गाडीला जेवढ्या बलाने ओढतो, तेवढ्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढते. मग गाडी हलते कशी?

ही दोन बलं एकाच वस्तूवर लागत नाहीत, म्हणून ती एकमेकांना खोडत नाहीत. गाडी हलेल की नाही हे ठरवायला फक्त गाडीवरची बलं बघा: पुढे बैलाची ओढ, मागे चाकांचं आणि आसाचं घर्षण. ओढ जास्त झाली की गाडी निघाली. बैल पुढे का जातो यासाठी फक्त बैलावरची बलं बघा: तो खुराने जमीन मागे रेटतो, जमीन त्याला पुढे रेटते आणि हा रेटा गाडीच्या मागच्या ओढीपेक्षा जास्त असतो. चिखलात खूर सरकले की जमिनीचा रेटा मिळत नाही. मग बैल कितीही ताकदीचा असला तरी गाडी रुतलेलीच राहते.

तिसऱ्या नियमाचं कुठलंही कोडं असंच सोडवा: एक वस्तू निवडा आणि दुसऱ्या वस्तूंनी तिच्यावर लावलेली बलंच मोजा. तिने इतरांवर लावलेली बलं त्या हिशेबात येत नाहीत.

१३. अवकाशात हवा नाही, मग रॉकेट कशाला रेटून पुढे जातं?

स्वतःच्याच वायूला. रॉकेट वायू मागे फेकतं, वायू रॉकेटला पुढे रेटतो. बाहेरच्या हवेची गरज नाही. उलट ती अडथळाच. ही शंका घेणारे तुम्ही एकटे नाही. १९२० साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अग्रलेखात रॉबर्ट गोडार्डची याच मुद्द्यावर टिंगल केली होती. निर्वातात रॉकेट चालणार नाही एवढंही या प्राध्यापकाला कळत नाही, असा एकूण सूर होता. अपोलो ११ चंद्राकडे निघाल्यावर, १७ जुलै १९६९ ला, त्याच वर्तमानपत्राने दुरुस्ती छापली. गोडार्ड १९४५ मध्येच वारला होता.

१४. अंतराळस्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून तिथली माणसं तरंगतात, बरोबर?

गुरुत्वाकर्षण भरपूर असतं. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक सुमारे ४०० किमी उंचीवर आहे आणि तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के आहे. ती नसती तर स्थानक सरळ रेषेत निघून गेलं असतं (प्रश्न ८ मधल्या दगडासारखं). तरंगण्याचं कारण हे की स्थानक, माणसं आणि त्यांच्या पाण्याच्या पिशव्या सगळं एकत्रच पडत असतं. मात्र सेकंदाला ७.७ किमी एवढा आडवा वेग असल्यामुळे ते पडता पडता पृथ्वीला वळसा घालतं, दीड तासात एक. पायाखालची जमीनही तुमच्याबरोबर पडत असेल तर ती तुम्हाला वर रेटू शकत नाही, आणि वजन जाणवतं ते त्या रेट्यामुळेच.

१५. घाटात एसटी वळली की आपण बाहेर फेकले जातो. हे अपकेंद्री बल खरं आहे की खोटं?

कुठे उभं राहून हिशेब करता त्यावर आहे. रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस म्हणेल, बस वळली, प्रवासी मात्र जडत्वाने सरळच चालला होता. बसची बाजू येऊन त्याला टेकली आणि तिने त्याला आत ढकललं. या वर्णनात बाहेर ढकलणारं बल कुठेच नाही. बसमध्ये बसूनच न्यूटनचे नियम वापरायचे असतील तर मात्र बाहेरच्या दिशेने एक बल धरावं लागतं, नाहीतर गणित जुळत नाही. तेच अपकेंद्री बल. त्याला आभासी म्हणतात, कारण ते लावणारी वस्तू दाखवता येत नाही आणि त्याला प्रतिक्रियेची जोडी नसते.

जत्रेतल्या 'मौत का कुआँ'चं गणित याच्यावरच विचारतात. बाहेर उभं राहून लिहा: भिंत मोटरसायकलला आत ढकलते, हेच अभिकेंद्री बल. आणि टायर व भिंत यांतलं घर्षण वजन तोलून धरतं. वेग कमी झाला की भिंतीचा रेटा घटतो, त्याबरोबर घर्षणही, आणि गाडी घसरते.

१६. पृथ्वी इतक्या वेगाने फिरते तर आपल्याला जाणवत का नाही? फिरते हे कळलं तरी कसं?

मुंबईच्या अक्षांशावर जमिनीचा वेग ताशी सुमारे १,५८० किमी आहे. पण शरीराला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे होणारं त्वरण विषुववृत्तावरसुद्धा गुरुत्व त्वरणाच्या ०.३ टक्के एवढंच आहे.

आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये म्हटलं की पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. यावर वराहमिहिराचा आक्षेप असा: पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यांकडे परत कसे येतात? आक्षेप उगाच घेतलेला नव्हता. पक्षी आणि हवा दोघांनाही पृथ्वीचा वेग आधीपासूनच असतो, हे उत्तर द्यायला जडत्वाची कल्पना हवी, आणि ती पुढे हजार वर्षांनी पक्की झाली.

नावेची उपमा शक्यता दाखवते, पुरावा देत नाही. तारे फिरोत की पृथ्वी फिरो, आकाश सारखंच दिसेल. निवाडा करणारा प्रयोग लेआँ फुको याने १८५१ साली पॅरिसच्या पँथेऑनमध्ये सर्वांसमोर केला: ६७ मीटर लांब तारेला टांगलेला जड लंबक. त्याच्या झोक्याचं प्रतल हळूहळू वळत जातं, कारण खालची जमीन वळते. ध्रुवावर पूर्ण फेरीला सुमारे २४ तास लागतील, पुण्याच्या अक्षांशावर सुमारे ७५ तास. पुण्यातच 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेत असा लंबक आहे.

१७. भास्कराचार्यांनी न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी गुरुत्वाकर्षण शोधलं होतं ना?

या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी त्वेषाने लिहिलं जातं, म्हणून जरा सावकाश. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखामुळे ज्यांचं घराणं आपल्या ओळखीचं आहे त्या भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'सिद्धांतशिरोमणी'त स्पष्ट लिहिलं आहे की पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे, ती आकाशातली जड वस्तू आपल्याकडे ओढते आणि ती वस्तू पडते असं आपल्याला वाटतं. पुढे ते विचारतात, सगळीकडे सारखंच आकाश असताना पृथ्वी स्वतः पडेल तरी कुठे? बाराव्या शतकात हा विचार थक्क करणारा आहे. ग्रहांची तात्कालिक गती काढण्याची त्यांची रीतही तितकीच.

न्यूटनचं म्हणणं मात्र वेगळं आणि मोठं आहे: विश्वातल्या कुठल्याही दोन वस्तू एकमेकींना ओढतात आणि ही ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. हे आकड्यांनी तपासता येतं. चंद्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या ६० पट दूर आहे, म्हणून तिथली ओढ ३,६०० पट कमी हवी: ९.८ भागिले ३,६००, म्हणजे ०.००२७. चंद्राची कक्षा आणि फेरीचा काळ यांवरून स्वतंत्रपणे काढलेलं त्याचं त्वरणही तेवढंच भरतं. सफरचंद आणि चंद्र एकाच नियमाने बांधले गेले ते इथे. भास्कराचार्यांच्या ग्रंथात हा नियम नाही आणि ही पडताळणीही नाही. तेव्हा 'आधी शोधलं' म्हणणं चूक, आणि 'आपल्याकडे काहीच नव्हतं' म्हणणंही चूक.

१८. घरी लंबकाने गुरुत्व त्वरण काढलं, पण ९.८ काही येत नाही. कुठे चुकतंय?

रीत थोडक्यात: १ मीटर दोरा, टोकाला छोटी जड वस्तू, २० झोक्यांचा वेळ. (एक झोका म्हणजे जाऊन परत.) एका झोक्याचा काळ काढा, त्याचा वर्ग करा, ३९.५ ला लांबीने गुणून त्या वर्गाने भागा. २० झोके ४०.१ सेकंदांच्या आसपास यायला हवेत.

तुमचं उत्तर किती आलं यावरूनच चूक बहुधा ओळखता येते. १०.९ च्या जवळ आलं असेल, तर घड्याळ सुरू करताना 'शून्य' न म्हणता 'एक' म्हटलंत. झोके १९ च झाले. ९.६ च्या जवळ असेल, तर लांबी गाठीपर्यंत मोजली आणि वस्तूच्या मध्यापर्यंतचे दोन सेंटिमीटर राहिले. ९.५ च्या खाली आणि झोका ३० अंशांएवढा मोठा असेल, तर झोका लहान करा. हे सूत्र लहान कोनांपुरतंच आहे.

एकच झोका का मोजत नाही? बटण दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे होतातच. २ सेकंदांत ती १० टक्के चूक झाली, ४० सेकंदांत अर्धा टक्का. म्हणून उत्तर '९.७ अधिक-उणे ०.१' असं लिहा. ते '९.८' पेक्षा जास्त सांगतं. आणि कृपा करून जुळवाजुळव करून ९.८ आणू नका, प्रयोगवही तपासणाऱ्याला ते कळतं. मुळात ९.८ हाही गोलाकार आकडा आहे: मुंबईत ९.७९, विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवांवर ९.८३.

१९. मोजमाप आणि प्रस्थापित सिद्धांत जुळले नाहीत तर चूक कोणाची मानायची?

आधी मोजमापाची, पण लपवून नाही. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रकल्पाने जाहीर केलं की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेपासून इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेपर्यंतच्या ७३० किमी वाटेवर न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचतायत. आम्हाला आमची चूक सापडत नाही, तुम्ही शोधा, असंच त्यांनी जगाला सांगितलं. काही महिन्यांत सापडली: प्रकाशतंतूची एक केबल नीट बसलेली नव्हती. नंतरच्या मोजणीत न्यूट्रिनो प्रकाशाची मर्यादा पाळताना दिसले. कधीकधी मात्र मोजमाप पक्कं निघतं आणि सिद्धांताला जागा करून द्यावी लागते (प्रश्न २२).

२०. ज्योतिषाचा अनुभव लाखो लोकांना येतो. विज्ञान तो तपासू शकतं का?

ग्रहगतीचा धडा झाला की हा प्रश्न ठरलेला. तपासता येतो, आणि महाराष्ट्रात तपासलाही आहे. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी २०० मुलांच्या जन्मकुंडल्या घेतल्या. निम्मी मुलं अभ्यासात हुशार, निम्मी बौद्धिक अक्षमता असलेली. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या दिल्या आणि कुठली कोणत्या गटातली ते सांगायला सांगितलं. २७ जणांची उत्तरं आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवून उत्तरं दिली असती तर साधारण ५० टक्के आली असती.

अनुभवाला आकड्यापुढे मागे का सारायचं? कारण खरं ठरलेलं भाकीत लक्षात राहतं आणि फसलेलं विसरलं जातं. इथे दोन्ही मोजली गेली, उत्तर देणाऱ्याला खरी माहिती ठाऊक नव्हती, आणि किती बरोबर आले तर यश म्हणायचं हे आधी ठरलेलं होतं. प्रश्न १ मधली अट हीच.

२१. हवा नसेल तर सगळ्या वस्तू अगदी तंतोतंत सारख्याच पडतात? अपवाद सापडलाच नाही?

शोधणं अजून चालू आहे. फ्रान्सच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सोडलेल्या 'मायक्रोस्कोप' उपग्रहात टायटॅनियम आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूचे नळकांडे एकत्र 'पडत' ठेवले होते. २०२२ च्या अंतिम निष्कर्षांनुसार एकावर पंधरा शून्यांइतक्या बारकाईपर्यंत फरक दिसला नाही.

एक चकवा मात्र आहे. पडणारी वस्तू चंद्राएवढी मोठी असेल तर तीही पृथ्वीला जाणवण्याइतकी ओढेल, पृथ्वी पुढे सरकेल आणि टक्कर आधी होईल. तरीही त्या वस्तूचं स्वतःचं त्वरण तेवढंच राहतं.

२२. आइन्स्टाइनने न्यूटनला चुकीचं ठरवलं, मग शाळेत न्यूटन का शिकवतात?

नेपच्यून शोधून दिलेल्या ल व्हेरिएनेच १८५९ मध्ये दाखवलं की बुधाची कक्षा हिशेबापेक्षा जास्त सरकते. आजच्या आकड्यांनुसार हा फरक शतकाला ४३ विकला, म्हणजे अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. त्याने पुन्हा तोच उपाय केला: सूर्याजवळ 'व्हल्कन' नावाचा ग्रह असणार. लोकांनी अनेक वर्षं शोधला, तो नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतातून ते ४३ विकला कुठलाही नवा ग्रह न धरता बाहेर पडले. तोच माणूस, तीच युक्ती. एकदा ग्रह मिळाला, एकदा सिद्धांताची हद्द.

ती हद्द खूप लांब आहे. पूल, गाड्या, क्रिकेटचा चेंडू, चंद्राकडे जाणारं यान, इथे न्यूटनचं गणित पुरतं आणि सोपंही आहे. वेग प्रकाशाच्या जवळ गेला, गुरुत्वाकर्षण फार तीव्र झालं किंवा मोजणी अतिशय बारीक लागली की ते अपुरं पडतं. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं सापेक्षतेमुळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही, तर मोबाइलवर दिसणारी तुमची जागा एका दिवसात १० किमीहून जास्त चुकेल.